पाठमोरी सनई

दहिसर, ११ मार्च १९५४

निवड झाली! माझी! जुहूच्या मृणालिनीबाईंच्या नाचाच्या ताफ्यात सनई मी वाजवणार — आणि ताफा चाललाय लंडनला! बाबा दगडाच्या खाणीवर कामाला, तिथं सांगायला पळालो. ते दगडावर बसूनच राहिले. मग एवढंच म्हणाले, "थंय तरी तोंड लोकांकडे कर रे."

कळलं मला. गावी खोताकडच्या लग्नात आम्ही भिंतीकडे तोंड करून वाजवायचो. आमच्या फुंकेचा वारा त्यांच्या अंगाला लागता कामा नये ना! लहान होतो, एकदा वळून नवरी बघितली. खोताच्या माणसानं माझीच सनई हिसकून माझ्या तोंडावर हाणली. पुढचा दात अर्धा आहे तो त्यामुळेच. बाबा वळले नाहीत. वाजवतच राहिले. मग महिन्याभरात गाव सोडलं.

बोटीवर, २ मे

पोटात पाणी ठरत नाही. आमचा व्हायोलिनवाला डेनिस, मनोरीचा — माझ्यासमोर बसून सुके बोंबील खातो! म्हणतो, "वास घे, बरं वाटेल." हलकट!

लंडन, २६ मे

वाट लागली.

पडदा वर गेला. काळोखात माणसंच माणसं. कडक कपडे, ताठ माना — सगळे खोतच! माझे पाय आपोआप फिरले. मागच्या पडद्याकडे तोंड, लोकांकडे पाठ — तसंच सगळं वाजवलं. बाई विंगेतून दबक्या आवाजात ओरडत होत्या, "वळ! अरे वळ ना!" मान वळेना. संपलं, आणि मागे खुर्च्या खडखडल्या. उठले! आता मारणार! सनई छातीशी धरून मी खालीच बसलो.

टाळ्या होत्या. थांबेचनात.

२७ मे

पेपरात फोटो. माझ्या पाठीचा! डेनिसनं वाचून दाखवलं — हा कलावंत जगाकडे पाठ करून फक्त देवासाठी वाजवतो म्हणे. "देव कुठला यार, तिथं पडदा ओढायची दोरी होती!" डेनिस हसून लोळला. मला हसू येईना.

२८ मे

बाईंना खरं सांगितलं. खोत, भिंत, दात — सगळं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे कुणाला सांगू नकोस हं, काशीराम. आणि रोज असंच वाजव."



पॅरिस, ३० जून

इथंही तेच. रस्त्यातल्या भिंतींवर माझी पाठ चिकटवलीय. रेकॉर्ड निघाली, तिच्यावरही पाठच! आज नक्की वळायचं, असं ठरवून गेलो होतो. मानेला घाम फुटला. नाही जमलं.

१ जुलै

पुढच्या वर्षी अमेरिका! बाईंची अट एकच — पाठ. "घरी जाऊन सांगतो," म्हणालो. बाबांना काय सांगू?

दहिसर, ९ ऑगस्ट

घरी आलो. डेनिसनं पाठवलेलं पेपराचं कात्रण त्याची बहीण एडना आधीच बाबांना देऊन गेली होती. बाबांनी उशाशी भिंतीला चिकटवलंय. दिसतेय मागच्या पानावरची साबणाची जाहिरात, माझ्या पाठीचा फोटो आत, भिंतीकडे.

"बाबा, उलटं लावलंत."

"उलटा खंय रे? असा लावल्यार तुजा तोंड माज्याकडे येता."