सही करण्याआधी

प्रिय जूनी,

हे पत्र शॅनिस तुझ्या हातात देईल. माझं पत्र आणि तेही तुझ्या बायकोच्या हातून, हे बघून तुला घेरी यायची, म्हणून आधी खाली बस आणि मग वाच. गॅरेट आसपास असेल तर त्याला काहीतरी आणायला बाहेर पाठव. तुझे करार बघण्याचं काम त्याच्याकडे आहे, बहिणीची पत्रं बघण्याचं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर हल्ली मी फोनवर काही विचारलं की तू उत्तर देण्याआधी तिकडे कुणीतरी कुजबुजतं. माझे कान अजून शाबूत आहेत.

तू आणखी एक हंगाम खेळणार हे मला तुझ्याकडून नाही, मिस ओडेसाकडून कळलं. मी तिच्या केसांना रंग लावत होते आणि पार्लरच्या टीव्हीवर तुझा फोटो झळकला. नवा संघ, एका वर्षाचा करार, डॉक्टरांची तपासणी झाली की सही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ओडेसा म्हणाली, "बघ बाई, तुझा भाऊ तिशी उलटली तरी पळतोय, आणि आमचे हे सोफ्यावरून उठत नाहीत." मी हसले, पण रंग तिच्या कानावर गेला. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून अख्ख्या बचावफळीच्या अंगावर जाणारा माणूस तिशीच्या आतच म्हातारा होतो, हे आपल्या गावात शेंबडं पोरही सांगेल. मग तुला अजून कुणाला काय दाखवायचं राहिलंय? आणि ही घाई कुणाची, तुझी की दुसऱ्या कुणाची? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

संशयी आहेस म्हणून तू मला कायम चिडवत आलास. असेन. पार्लर चालवणाऱ्या बाईने विश्वास तरी कुणाकुणावर ठेवायचा? खुर्चीत बसून बाई खोटं बोलायला लागली की तिची मान ताठ होते, आणि मान तर माझ्या हातात असते. या गावातल्या किती तरी भानगडी मला नवऱ्यांच्या आधी कळल्या आहेत, त्या अशाच.

आपल्या उसाच्या फडांची तुला आठवण येते का रे? तोडणीआधी फड पेटवला की ससे जीव घेऊन बाहेर पळायचे आणि गावभरची पोरं त्यांच्या मागे. तू मात्र सशाच्या मागे कधी पळाला नाहीस. तो कुठे वळणार हे आधीच हेरून तिथे जाऊन थांबायचास. काळ्या मातीने माखून, दोन्ही हातांत ससे लोंबकळवत घरी आलास की आई आधी तुला दारातच नळाखाली धरायची आणि मग ससे तळायला घ्यायची. शाळेचे कोच बिलिंग्जली तेव्हापासून आपल्या कुंपणाशी घुटमळायला लागले. मी आईला म्हणायचे, या माणसाला घरी जेवायला मिळत नाही का? पुढे कॉलेजचा माणूस तुला त्यांच्या संघात न्यायला आला, आईने भाजलेल्या रताळ्याच्या गोड 'पाय'चे तुकडे एकामागून एक हाणत म्हणाला, "मॅडम, मुलाला आम्ही अगदी घरच्यासारखं ठेवू." मी विचारलं, घरी तो भांडी घासतो, तुमच्याकडेही घासणार का? आईने टेबलाखालून मला लाथ मारली होती. तू खो-खो हसलास आणि तरी त्याच्याबरोबर गेलास.

गेलास ते बरंच झालं, खोटं कशाला बोलू. मोठ्या संघाने तुला निवडलं आणि टीव्हीवर तुझं नाव पुकारलं गेलं त्या दिवशी साखर कारखान्याचा भोंगा वाजवला होता. गावच्या पाण्याच्या टाकीवर तुझ्या शर्टाचा आकडा रंगवला, तो अजून आहे. बर्फातल्या त्या सामन्यात तर चौघं तुझ्या अंगाला लोंबकळत होते आणि तू त्यांना ओढत रेषेपार गेलास. समालोचक ओरडत होता, "ऑर्लँडस प्रूइटला पाडायचं असेल तर पोलीस बोलवा." आई सामना बघायची नाही. टीव्हीकडे पाठ करून, बायबल मांडीवर ठेवून बसायची आणि मला विचारायची, उठला का? मी म्हणायचे, उठला. तू उठायचासच. हात वर करायचास, लोक वेडे व्हायचे. एकदा मात्र उठलास आणि थेट समोरच्या संघाच्या बाकाकडे चालायला लागलास. सगळे हसले. कुणीतरी तुला दंडाला धरून फिरवलं, आणि पुढच्या खेळीला तू पुन्हा मैदानात होतास. आईला मी एवढंच सांगितलं की उठला.

आता गेल्या शरद ऋतूतलं बोलू. शाळेने तुझा खेळातला शर्ट सन्मानाने काचेत लावला तेव्हा तू आला होतास. भाषणात कोच बिलिंग्जलींचे आभार मानलेस, टाळ्या झाल्या, आणि जरा वेळाने तेच आभार त्याच शब्दांत पुन्हा मानलेस. लोकांना वाटलं, गहिवरलाय. मग हॉलिस पुढे आला. हॉलिस कोण हे सांगावं लागू नये, तरी सांगते. शाळेत आणि कॉलेजात तुझ्या पुढे धावून जो स्वतःच्या अंगावर धडका घ्यायचा आणि तुला वाट काढून द्यायचा, तो हॉलिस. आपल्या घरी तो इतका जेवलाय की आईने त्याची वेगळी थाळी ठेवली होती. तू त्याचा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "भेटून आनंद झाला, सर." चाहत्यांना म्हणतोस तसं. तो हात सोडवून बाजूला झाला, गाव मात्र बोललं. मोठा झाला, डोळ्यांवर चरबी आली. मी बोलणाऱ्यांशी भांडले आणि घरी येऊन स्वतः तेच म्हणाले.

नंतर वाटलं, चरबी नाही, दारू. दुसऱ्या दिवशी तू घरी यायला निघालास आणि सापडलास कुठे, तर कारखान्याच्या फाटकाशी, गाडीचं इंजिन चालू ठेवून बसलेला. "जुनी जागा बघावीशी वाटली, सिस," म्हणालास. तू झोपल्यावर मी तुझा पेला हुंगला, गाडी धुंडाळली, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. गोड चहाशिवाय काही मिळालं नाही. मग मी ठरवलं, हे सगळं शॅनिसचं काम. तिला आपलं गाव कधी आवडलं नाही, आपली माणसं तिला चिखलातली वाटतात, तीच तुझे कान भरून एकेकाला तोडतेय. दर रविवारी फोनवर तू तुझ्या लेकीच्या, नायाच्या, पडलेल्या दाताची तीच गंमत सांगायचास, तिथेच हसायचास, तेव्हा माझी खात्री पटली की कुणीतरी तुला काय बोलायचं ते पढवून देतंय. म्हणून मी सापळा लावला. तुला सांगितलं की आपली मावसबहीण रोशेल त्या डेल्टन वीक्सशी लग्न करतेय. ज्या डेल्टनने तुझा दात पाडला होता आणि ज्याचं नाक तू मोडलं होतंस, तो डेल्टन. तू भडकशील, मला शिव्या घालशील आणि मग आपण दोघं हसू, असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, "अरे वा, छान, चांगला मुलगा आहे का?" मी फोन ठेवून दिला.

मग महिन्यापूर्वी शॅनिस स्वतः पार्लरमध्ये आली. एकटी, न कळवता. मी मनात म्हटलं, आली बघा, आता काहीतरी मागणार. खुर्चीत बसवलं, वेण्या सोडायला घेतल्या आणि तिची मान ताठ व्हायची वाट बघत राहिले. झाली नाही. ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मिस व्हर्नेल, एक विचारते, रागावू नका. तुम्ही लोक त्याला माझ्याविरुद्ध काही सांगता का? घरात तो माझ्याशी परक्यासारखा वागतो. मध्येच चिडतो. परवा नायाला शाळेतून आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. मी विचारलं तर म्हणाला, तू सांगितलंच नव्हतंस." मी कंगवा खाली ठेवला. इतके महिने मी तिच्यावर डोळा ठेवून होते आणि ती माझ्यावर. मी पार्लरचं दार आतून लावलं, आम्ही दोघींनी आपापलं सगळं एकमेकींसमोर मांडलं आणि मग बराच वेळ दोघीही रडलो. तिच्याबद्दल मी जे जे बोलले आहे ते तू तिला सांगितलं नसशील अशी आशा आहे. सांगितलं असशील तर तिने मोठेपणाने पोटात घातलं म्हणायचं.

तिथूनच मी गॅरेटला फोन लावला. तो नेहमीसारखा लोण्यासारखं बोलला. "मिस व्हर्नेल, दर उन्हाळ्यात त्याच्या डोक्याची परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, सगळं कॉम्प्युटरवर. त्याचा निकाल गेल्या वर्षीसारखाच आहे, आणि त्याच्या आदल्या वर्षीसारखाच. डॉक्टर खूश आहेत, तुम्हीही काळजी सोडा." शॅनिसचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. एवढी वर्षं भिंतीवर आपटावं तसं डोकं आपटून घ्यायचं आणि निकाल तसूभरही हलायचा नाही? माझ्या पार्लरमधल्या कंगव्याचेसुद्धा एवढ्यात दात पडतात. हा गॅरेट खोटं बोलतोय हे धरूनच मी शॅनिसला घेऊन हॉलिसकडे गेले. तो आता शाळेच्या पोरांना शिकवतो. मैदानाच्या कडेला उभा राहून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गॅरेट खोटं बोलत नाहीये, व्हर्नेल. निकाल तोच असणार." मग त्याने सांगितलं. डोक्याला मार बसला की डॉक्टर ती परीक्षा पुन्हा घेतात आणि उन्हाळ्यातल्या निकालाशी ताडून बघतात. फरक दिसला की बाहेर बसवतात, आणि बाहेर बसलेल्याची जागा दुसरा पटकावतो. म्हणून सगळे उन्हाळ्यातच मुद्दाम चुकतात. आधीच तळाला बसलं की आणखी खाली जायची भीती नाही. "आम्ही सगळेच करायचो," हॉलिस म्हणाला, "आणि जूनी त्यात आमचा बाप होता. डॉक्टरांसमोर असा काही ढ व्हायचा की बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसायचो."

तेव्हा मला आठवलं, हे तू मागे जेवणाच्या टेबलावरही सांगितलं होतंस आणि मीही हसले होते. हॉलिसला मी विचारलं, तो अजूनही मुद्दाम चुकत असेल का रे? हॉलिसने मान फिरवली आणि पोरांकडे बघत राहिला. शॅनिसने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. जूनी, हॉलिसच्या मनात तुझ्याबद्दल राग नाही. तुझा हात त्याच्या हातात होता तेव्हा तुझे डोळे त्याने जवळून पाहिले होते. तो घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, मला राग आला असता तर बरं झालं असतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. पुढच्या आठवड्यात तू नव्या संघाच्या डॉक्टरांसमोर त्याच परीक्षेला बसशील आणि मग सहीला. खेळू नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू हट्टाने खेळशील, आणि तुला अडवणारी मी कोण. मी फक्त एक मागते. या वेळी नीट परीक्षा दे. आईसमोर पाढे म्हणायचास तसा जीव लावून, येतंय त्या सगळ्याचं खरं उत्तर दे. निकाल उंच गेला तर बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मी त्या संघाची टोपी घालून पार्लर उघडीन, गॅरेटची माफी मागीन आणि तुझ्या प्रत्येक सामन्याला टीव्हीकडे तोंड करून बसेन. पण सगळा जीव लावूनही निकाल तोच तळाचा आला, तर सही करू नकोस, घरी ये. ते डॉक्टरांना कळणार नाही, गॅरेटला नाही, आम्हालाही नाही. तू मुद्दाम चुकलास की खरंच चुकलास, हे त्या खोलीत फक्त तुला कळेल. एखादा शब्द आठवला नाही, तर तो मीच सोडून दिला असं स्वतःला सांगू नकोस, बाळा. मला फसव, सगळ्या जगाला फसव, तिथे बसलेल्या जूनीला तेवढं फसवू नकोस.

तुझीच,
व्हर्नेल