लाल बंगल्याच्या दरजा

बाबा, लाल बंगला पाडायचा ठराव गेल्या रविवारी बंगल्याच्या ट्रस्टच्या सभेत आला आणि मी तो पंधरा दिवसांसाठी अडवला; आता मीही ट्रस्टी आहे. बिल्डरचा इंजिनिअर सांगत होता, पश्चिमेच्या भिंतीच्या विटा कुजल्यात, नख लावलं तरी भुगा पडतो. भुगा पडतो हे खरं आहे. पण दोष विटांचा नाही. बंगला बांधणाऱ्या शेठने मुंबईतल्या साहेबी इमारती पाहून तशीच हवेली इथे उठवली, टोकदार कमानींची एकेक वीट दगडावर घासून पाचरीसारखी करून घेतली, वर शेकोटीचं धुराडंसुद्धा. "पनवेलात शेकोटी. शेटला घाम कमी पडत असंल," असं तुम्ही ते धुराडं दुरुस्त करताना म्हणाला होतात.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तुमचा डबा घेऊन बंगल्यावर येते, तर तुम्ही विटांमधल्या दरजा भरायला चुना भिजवून ठेवलाय, शेजारी त्यात घालायच्या गुळाच्या पाण्याची बादली, आणि ट्रस्टी काम बघायला आलेले. त्यांच्यासमोर मी म्हणते, "आता चुना कोण वापरतं? सिमेंट भरा, जन्मात बघायला नको." शिकलेल्या मुलीचं ट्रस्टींना लगेच पटतं. तुम्ही थापी खाली ठेवता. "विटेला घाम येतो, पोरी. तो जायाला वाट नको? तुज्या पुस्तकात हाय का ते?" मी हसते. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सिमेंट भरलंत आणि भिजवलेल्या चुन्याने आपल्या घराच्या भिंती पांढऱ्या केल्यात. बंगल्याच्या विटा मात्र पावसाचं पाणी पीत राहिल्या. सिमेंटने वाट बुजवली, म्हणून त्या आतून भिजून फुटल्या.

या आठवड्यात शिरढोणच्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडून भिंतीच्या हातभर भागातलं सिमेंट खरवडून घेतलं, तुमच्यासारखा चुना भिजवून दरजा भरल्या. येत्या रविवारी सगळ्यांना तिथे उभं करून दाखवणार आहे. बंगला पडू देणार नाही.

एक राहिलं. सभेत अध्यक्षांनी विचारलं, "बाई, मग हे सिमेंट भरलं कुणी?" मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी." खोटं नव्हतं, म्हणून चटकन तोंडातून गेलं. खाली बसले, तेव्हा कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. रविवारी त्या भिंतीपाशी उरलेलं सांगणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही. ऐनवेळी जीभ अडखळू नये, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.