जाळ्याचा निळा दोरा

घाटनांदूर,
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

चि. संगमेश्वर,

आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तू कसा आहेस ते नेहमीसारखं "मजेत" असं न कळवता खरं काय ते कळव.

पत्र बघून तुला हसू आलं असेल. फोन असताना आईला हे काय सुचलं, म्हणशील. पण आपल्या घरचा फोन म्हणजे गावची चावडी झाली आहे. तुझे अप्पा तो दुकानाच्या गल्ल्यावर ठेवतात, स्पीकर चालू करतात, आणि साखर न्यायला आलेला माणूसही तुझी विचारपूस करून जातो. परवा सुंदरराव मास्तरांनी तुझं लग्न कधी ते परस्पर विचारून घेतलं. त्या गर्दीत मला जे बोलायचं आहे ते बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

येळवशीची अमावस्या चांगली झाली. शेतात ज्वारीच्या ताटांची कोप उभारली, पूजा केली, भज्जी आणि आंबील घेऊन सगळे तिथेच जेवलो. ईश्वरी अंबाजोगाईहून सुट्टी काढून आली होती. नर्सिंगला गेल्यापासून ती सगळ्यांना हात धुवायला लावते, अप्पांना तर शेतातसुद्धा साबण दिला. त्रिंबककाका दरवर्षीप्रमाणे जास्त जेवले आणि दरवर्षीप्रमाणे झाडाखाली झोपले. तू तेवढा नव्हतास. भरावाचं काम जोरात आहे, सुट्टी मिळत नाही म्हणालास. मी ते मानलं. निदान मानल्यासारखं केलं.

तुझं काम मला आता बरंच समजतं. आधी हायवा ट्रक भरभरून दगड समुद्रात ओतायचे, त्याची भिंत वर आली की क्रेनने चार पायांचे सिमेंटचे ठोकळे तिच्या अंगावर एकमेकांत अडकवून बसवायचे, म्हणजे लाट फुटते. मग भिंतीच्या आतल्या बाजूला वाळू भरून जमीन करायची, आणि पुढे खांब उभे करून जहाजांसाठी धक्का. हे सगळं मी दुकानात लोकांना सांगते. बंकट न्हावी म्हणतो, "वैनी, तुमीच हाय की इंजिनेर." माणसाला मुलाचा अभिमान असतो तो असा. पण तो मुलगा संध्याकाळी कुणाच्या हातचं जेवतो हे कुणी विचारलं की मी वाटाणे मोजायला घेते.

तर त्या तुझ्या हारकूबायबद्दल.

तू बंदरावर गेल्यापासून मी तिचं नाव ऐकते आहे. मुलगा मेसमध्ये जेवत नाही, तिथल्या कोळीवाड्यात एका बाईकडे जेवतो, हे मी समजू शकते. पण हारकूबायची तांदळाची भाकरी किती मऊ, हारकूबाय बोलते किती गोड, हारकूबाय पायाला तेल लावून देते. बाळा, तू इथे होतास तेव्हा भाकरी म्हटलं की तोंड वाकडं करायचास आणि पोळी मागायचास. तेलाची वाटी घेऊन मी मागे फिरायची, तेव्हा तुला उशीर होत असायचा.

तिने तुझ्यासाठी वेगळा तवा आणि वेगळी भांडी घेतली, असं तूच एकदा आपणहून सांगितलंस. आपल्या घरात मासे-मटण चालत नाही हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस म्हणे. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. तिने तुला मासे खायला लावले असते तर तिला नावं ठेवायला मला जागा तरी मिळाली असती. तिने तीही ठेवली नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. तू फोनवर माझ्याशी बोलत होतास, मधेच म्हणालास, "आई, अजून अर्धी वाढ." आणि मी इकडे दुकानात उभी राहून "हो" म्हणाले. हात पुढे झाला माझा. मग तिकडून भांड्याचा आवाज आला आणि ती काहीतरी बोलली, तेव्हा मला कळलं. तुझ्या लक्षातही आलं नाही. समोर दोन गिऱ्हाईकं होती, त्यांना मी चुकून डाळीऐवजी पोहे बांधून दिले.

ईश्वरीजवळ बोलले तर ती म्हणते, "अगं, दादा तिला तिथली आई म्हणतो, त्यात काय एवढं?" मी तिला चांगलीच झापली. मामी इथली असते, मावशी तिथली असते. आईच्या पुढे गावाचं नाव लागत नाही, असं मी तिला सांगितलं. पोरगी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

खरं लिहायचं ते पुढेच आहे. अप्पा जेवायला हाक मारतायत. उद्या लिहीन.

*

मंगळवार.

येळवशीला ईश्वरीने शेतातून व्हिडिओ कॉल लावला होता. भज्जी दाखवली तेव्हा तू बघायला पुढे वाकलास, आणि शर्टाच्या गळ्यातून दोरा बाहेर आला. निळा.

तुझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाला निळा दोरा कधीच नव्हता. शिवदोरा मी माझ्या हाताने वळते, पांढऱ्या सुताचा. तू जाताना नवा घातला होता. सगळ्यांदेखत मी विचारलं, तर म्हणालास जुना झिजला होता. माझा दोरा एवढ्यात झिजत नाही, संगू. ईश्वरी माझ्याकडे बघेना, तेव्हा मला कळलं की तिला काहीतरी ठाऊक आहे. तिला मी विचारलं नाही. जिच्या घरात तू जेवतोस तिलाच विचारायचं ठरवलं. तुझा फोन बिघडला होता तेव्हा तू तिच्या फोनवरून बोलला होतास, तो नंबर मी "समुद्रवाली" म्हणून ठेवला होता.

खरं सांगते, मी भांडायला फोन लावला. माझ्या मुलाच्या गळ्यातल्याला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला, हे वाक्य मी तोंडात धरून बसले होते. तिने फोन उचलला आणि मी कोण ते सांगताच म्हणाली, "बाय, तुजा पोर आता बरा हाय. पलास्टर सुटला का चालंल."

तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. म्हणून ती सांगत गेली आणि मी ठाऊक असल्यासारखं ऐकत गेले. ओहोटीच्या वेळी तू ठोकळे नीट बसलेत का बघायला भिंतीवरून खाली उतरलास, शेवाळावरून पाय सरकला, दोन दगडांमध्ये अडकून मोडला. भरतीचं पाणी चढत होतं. वरून कुणाला उतरता येईना तेव्हा तिच्या नवऱ्याने समुद्राकडून होडी घातली आणि तुला ओढून काढलं. पाणी तुझ्या छातीला लागलं होतं, असं ती म्हणाली. मी "हो, हो" म्हणत होते.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी नर्सने गळ्यातला दोरा कात्रीने कापला. तू अर्धवट शुद्धीत एकच घोकत होतास, खाली ठेवू नका, खाली ठेवू नका. कुणाला काही कळेना. हारकूबायला एवढंच कळलं की ही वस्तू जमिनीवर ठेवायची नाही. तिने पर्स बघितली, पिशवी बघितली, दोन्ही तिला ठीक वाटल्या नाहीत. मग पदराला खोचलेला जाळं शिवायचा दोरा होता, तो लिंगाच्या डबीला बांधला आणि तुझं लिंग स्वतःच्या गळ्यात घातलं.

मग म्हणाली, "तुमचे देवाचा मला काय ठावं नाय. चुकला का, बाय?"

मला हो म्हणायचं होतं. खरंच सांगते, हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मासे विकणाऱ्या बाईच्या गळ्यात माझ्या मुलाचं लिंग. तेवढ्यात मागून तिचा नवरा बोलला. माझ्यासाठी नव्हतं ते, तो तिलाच चिडवत होता. म्हणाला, ते गळ्यान होता तवर हिनं बाजाराची पाटी उचलली नाय, आमचे घरान म्हावरा शिजला नाय, मला उपाशी मारला. तू दवाखान्यातून परत आल्यावर तिने ते तुझ्या गळ्यात घातलं आणि मगच मासळीला हात लावला.

मी "न्हाई चुकलं" म्हणाले आणि फोन ठेवला.

ईश्वरीला नंतर विचारलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या पायाचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे. म्हणजे बहिणीला माहीत, कोळीवाड्याला माहीत, मला तेवढं नाही. अप्पांच्या छातीचं दुखणं आहे म्हणून सांगितलं नाही, असं ती म्हणते. ते खोटं नसेल. पण मला तू का सांगितलं नाहीस ते मला पुरतं कळलं आहे. मोडलेला पाय तू मला दाखवला असतास. गळ्यातला दोरा कसा बदलला हे सांगायची तुला भीती वाटली. आई काय म्हणेल, ही भीती. तुला माझी भीती वाटते आणि तिच्याजवळ तुझी शुद्ध हरपली तरी चालतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आणखी एक. पावसाळ्याआधी तूच हसत सांगितलं होतंस, की कोळीवाड्यातल्या बायका हायवांसमोर रस्त्यात बसल्या, दगड पुढे जाऊ देईनात, आणि हारकूबाय सगळ्यांत पुढे होती. तिची होडी लागायची ती वाळू तुमच्या भरावाखाली गेली म्हणून. मीही तेव्हा हसले होते. काल मात्र दिवसभर तेच डोक्यात होतं.

माझं माहेर मांजरा नदीच्या धरणात गेलं, हे तुला ठाऊक आहे. मी लहान होते. जमीन मोजायला माणसं यायची, बांधावर साखळी ओढत फिरायची. उन्हात घामाघूम व्हायची, पण गावात त्यांना कुणी पाणी विचारायचं नाही. माझी आई तर रांजणावर झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवायची. त्यातला एक जण तुझ्याएवढाच होता. एकदा आमच्या ओसरीच्या कडेला चक्कर येऊन बसला, तरी आईने दार लावून घेतलं, आणि आम्हाला ते बरोबर वाटलं. मला अजूनही फारसं चूक वाटत नाही.

तू तिच्या दारासमोर भिंत बांधतोस. सकाळी तिचा किनारा बुजवतोस आणि संध्याकाळी तिच्या घरी जेवायला जातोस. ती वाढते. तिच्या जागी मी असते तर तुला पाणी दिलं नसतं, संगू, आणि तू दगडात अडकला असतास तर तुझ्या अप्पांना होडी घालू दिली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. म्हणून मला तिचा हेवा वाटतो. आधी वाटत होता तो तुझ्यामुळे. आता वाटतो तो तिच्यामुळे, आणि हा जास्त जाळतो.

अप्पांना मी आज सकाळी सगळं सांगितलं. दुकान उघडायच्या आधी, फोन बंद करून. वाटलं होतं छातीला हात लावतील. त्यांनी तागडीची दोन्ही पारडी पुसली. मग म्हणाले, "मग जा की. कावून थांबलीस?"

रविवारी मी निघते, ईश्वरी सोबत आहे. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि माझी काठवट घेऊन येते. गाडीत लोक हसले तर हसू देत. तिने तांदळाची भाकरी थापावी, मी ज्वारीची थापीन, आणि तू आधी कुठली उचलतोस ते मी बघणार आहे. माझा स्वभाव एका पत्रात बदलेल अशी आशा धरू नकोस.

पांढरा दोरा वळून ठेवला आहे. तो मीच घालणार. पण तोवर निळ्याला हात लावू नकोस, कात्री तर मुळीच नको. गाठ तिने मारली आहे, तिलाच सोडू दे, आणि तो दोरा मला हवा आहे. फोनवर मी "न्हाई चुकलं" म्हणाले ते मनापासून म्हणाले नव्हते. ते तिच्यासमोर बसून पुन्हा म्हणायचं आहे.

पाय उंचावर ठेवून झोपत जा. आणि मी आल्यावर "आई" म्हणून हाक मारशील ती जरा जपून मार. दोघीही ओ देऊ.

तुझी,
घाटनांदूरची आई
दानम्मा