कोरडी पिकदाणी

सोमवार, ३ मार्च
चमचा हलला! कामावर सकाळी चाखायच्या बावीस कपांपैकी सातव्यावर. टेबलावर सांडलेली कॉफी पुसून टाकली. कुणी पाहिलं नाही — निदान तसं वाटलं. बाबांचंही उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं.

मंगळवार, ४ मार्च
आज परत. शिवाय बसल्या जागी छातीत धडधड. बाबांना शेवटी शर्टाचं बटणही लागत नव्हतं. आई लावायची, आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. त्यांना कंपवात लागला तेव्हा ते पंचेचाळीसचे होते, मी एकेचाळीसची आहे. मला फार भीती वाटते आहे. लिहिताना स्वतःचं अक्षर तपासत बसते.

बुधवार, ५ मार्च
दादाचा फोन आला. राहवेना, सांगून टाकलं. तो जन्मात कॉफीला शिवला नाही, आणि मला लहानपणापासून 'किटली' म्हणतो. वाटलं, आता टर उडवणार. पण खोदून खोदून विचारत बसला. "हात नुसता मांडीवर ठेवलास तरी हलतो का? अक्षर बारीक झालंय? वास येतो का नीट?" म्हटलं, सर्दीनंतर वास गेल्यातच जमा आहे. त्यावर एकदम म्हणाला, "डॉक्टरकडे जा. माझ्यासाठी जा."

शुक्रवार, ७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी हात पुढे धरायला लावले. दोन्ही थरथरले. "चहा-कॉफी किती?" सकाळी एक कप, संध्याकाळी एक. "मग ते कारण दिसत नाही." मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. सोमवार, सतरा तारखेची वेळ मिळाली.
चिठ्ठी पर्समध्ये आहे. पर्स दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

रविवार, ९ मार्च
कप दोन्ही हातांनी धरला. बाबांसारखा.

सोमवार, १० मार्च
आज काकांनी पकडलं. काका म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचे, बत्तीस वर्षं कॉफीची चव घेणारे. टेबलाखाली वाकून म्हणाले, "तुझी पिकदाणी कोरडी कशी ग?"

तोंडचं पाणीच पळालं. आमच्या कामात कॉफी चमच्याने ओढायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची. पण जानेवारीतल्या सर्दीत वास गेला, चव अर्धी झाली. हे कळलं तर खुर्ची जाणार! घोट घशाखाली उतरवला की मागची चव थोडी कळते, म्हणून गिळायला लागले. एकेका कपातले तीन-तीन चमचे. दुपारची फेरी वेगळी. दोन महिने.

आणि डॉक्टरांना सांगितले दोन कप! खोटं बोलले नाही. आम्ही टेबलावरची कॉफी 'पितो' असं कधी मनातच येत नाही, म्हणून ती मोजलीच नाही.

काकांना सगळं सांगितलं. "वेडे, या धंद्यात थुंकणाऱ्याचंच पोट भरतं. मालकांशी मी बोलतो. महिनाभर माझ्या जिभेवर काम चालेल." रडू आलं. पण भीती गेली नाही. कॉफीच असेल कशावरून?

बुधवार, १२ मार्च
कॉफी पूर्ण बंद. डोकं ठणकतंय, नळाच्या आवाजावरही राग येतोय. हात अजून हलतो. कमी की तेवढाच, देव जाणे.

शनिवार, १५ मार्च
सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात! मग पुन्हा काढून ओवला. पाच वेळा. धडधडही नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "सध्या तरी मोठ्या डॉक्टरांची गरज नाही." वासाचं पुढच्या आठवड्यात बघणार आहेत.
लगेच दादाला फोन केला. "कॉफीच होती रे!" तो म्हणाला, "बरं झालं. फार बरं झालं." वर म्हणाला, "ती सोमवारची वेळ अजून रद्द करू नकोस. उद्या येतो मी."

रविवार, १६ मार्च
दादा आला. दोघांनी दूध घेतलं. त्याने पेला डाव्या हाताने उचलला. उजवा गुडघ्यावर होता, आणि अंगठा बोटावर आपोआप फिरत होता — गोळी वळल्यासारखा. थेट बाबांसारखा. मी बघतेय हे कळल्यावर त्याने पेला खाली ठेवला आणि तो हात दुसऱ्या हाताने झाकला.
"किटले, उद्याची वेळ मला देशील?"