थकीत कर्ज : नाही

३ मार्च
निवड झाली! लष्करी सामानाच्या कारखान्यात स्टोअर क्लार्क. वयाच्या अटीत शेवटचा चान्स होता. आता फक्त सुरक्षा पडताळणी, म्हणजे निव्वळ फॉर्मॅलिटी. उद्यापासून पाचला उठणे.

४ मार्च, सकाळी ८.४०
उशीर झाला. फॉर्मने डोकं उठवलं. रकाना चौदा : थकीत कर्ज आहे का? कर्जबाजारी माणूस पैशासाठी गुपितं फोडतो म्हणे. संताप! मी काय विकाऊ आहे? शंकरप्पांच्या दुकानाची उधारी आणि भिशी उचलल्यावर राहिलेले आठ हप्ते. याला कर्ज म्हणत नाहीत, घरोबा म्हणतात. ‘नाही’ लिहिलं. मालती म्हणाली, अवो, खरं लिवा की. बायकोला सरकारी कामं कळत नाहीत.

७ मार्च
ओळख सांगणारी दोन प्रतिष्ठित माणसं हवीत. शंकरप्पा आणि भिशीवाल्या गिरिजाबाई यांची नावं दिली. यांच्याइतकी माझी आठवण कोण काढतं? दोघांना वेगवेगळं भेटून सांगितलं, चांगलं बोला, पहिला पगार अख्खा तुमचा. दोघंही खूश.

१२ मार्च
पोलीस अजून नाहीत. काय ही यंत्रणा! नोकरीसाठी बूट घेतले, हप्त्यावर. पाचला उठणे सोमवारपासून.

१८ मार्च
हवालदार दुकानात येऊन गेला. मालती तिथेच होती. शंकरप्पा म्हणाले, लई गुणी माणूस हाय सायेब, नोकरी द्याच, पहिल्या पगारात माझे अठरा हजार देणार हाय. गिरिजाबाई डाळ घेत होत्या. म्हणाल्या, तुमचे कसे? पहिला पगार माझ्या भिशीच्या आठ हप्त्यांचा हाय की! जुंपली. हवालदाराने दोन्ही आकडे लिहून घेतले. इतकं चांगलं बोलायला कोणी सांगितलं होतं?

२ एप्रिल
नामंजूर. ऑफिसला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, एवढ्या उधारीवर कोण अडवतं? लिहिलं असतं तर फेडायला मुदत दिली असती. खोटं लिहिलंत, म्हणून गेलं. मालतीने बुटांच्या हप्त्याची तारीख विचारली. ते जास्त लागलं.

३ एप्रिल, सकाळी ७.१०, एसटी स्टँड
आज एकदाचा पाचला उठलो. झोपच नव्हती. सहाला शंकरप्पा आणि गिरिजाबाई दारात, सोबतच. भांडण मिटलंय, पहिला पगार निम्मा निम्मा. कधी होतो, एवढंच विचारायला आले होते. मालती आतून म्हणाली, आता तरी खरं सांगा की. मी बूट घातले आणि म्हणालो, ड्यूटीवरच निघालोय.
संध्याकाळी सहापर्यंत घरी जाता येत नाही. बूट चावतात.