रजिस्टर पोस्टाचा ठोसा

दुकानातून,
दि. ३ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मास्टरांनी कातर बाजूला ठेवून ते मोठ्यांदा वाचून दाखवलं, आणि हेही पत्र तेच लिहून घेताहेत. मी काजं करत बसले आहे, म्हणजे हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. तुमच्या शिबिरात फोन काढून घेतात हे एक बरं आहे. नाहीतर 'बरी आहे, ठेवते' म्हणून तू मला दोन मिनिटांत गुंडाळलं असतंस.

तर त्या शिडीकडून तू दुसऱ्यांदा हरलीस. काय ती उंची! तिचा झगा शिवायचा तर कापडाला कापड जोडावं लागेल, असं मास्टर म्हणतात. आता वीस तारखेला निवडीची लढत, आणि समोर पुन्हा तीच. हरलीस तर शिबिरातून नाव कमी होणार आणि तू घरी येऊन बिस्किटाच्या कारखान्यात खोकी भरणार, असं लिहिलंयस. खोकी भरण्यात कमीपणा नाही. मीसुद्धा सगळा जन्म कापडाला भोकं पाडण्यात घालवला. पण सहा वर्षं पहाटे उठून धावलीस ती काय खोकी भरायला, एवढंच विचारायचं होतं. विचारलं.

इथे तुझ्या हरण्यापायी दोन दिवस गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर गेले नाहीत. आमचे मास्टर जुन्या जमान्यातल्या 'हातोडा' बॉक्सरचे भक्त आणि कोपऱ्यातला इस्त्रीवाला हल्लीच्या 'भिंगरी' बॉक्सरचा, हे तुला ठाऊकच आहे. हातोडा ऐन भरात असता आणि समोर भिंगरी आला असता तर कोण जिंकलं असतं, यावर त्यांचं नऊ वर्षं चाललंय. मी म्हटलं, एक कधीच वर गेला, दुसऱ्याने त्याला कधी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही, हॉल कोण ठरवणार ते तरी बोला. मास्टर म्हणाले, हातोड्याच्या एका ठोशात बैल खाली बसला असता. इस्त्रीवाला म्हणाला, बसला असता, कारण बैल उभा राहतो. भिंगरी एका जागी उभा राहील तर ना! एवढं होईपर्यंत इस्त्री एका वकिलाच्या पॅन्टवर तशीच राहिली. मास्टरांनी त्या जागी एक खिसा लावून दिला. वकील खूश आहेत, त्यांना ती नवी फॅशन वाटते.

मग गाडी तुझ्यावर आली. इस्त्रीवाला म्हणाला, टिचकीचा उजवा ठोसा रजिस्टर पोस्टाने जातो, आधी सूचना, मग पार्सल. सगळे हसले. मीही हसले, पण सुई हातातच राहिली. सूचना जाते म्हणजे कुठून तरी जात असणार. मी त्याच्या फोनवर तुझी लढत सात वेळा लावायला लावली. सातव्यांदा मला दिसलं. टिचके, शिडीला तुझा ठोसा आधी का कळतो ते मला कळलं आहे. नीट ऐक.

प्रतिस्पर्ध्याचा पल्ला अधिक असल्याने डावा हात पूर्ण लांब ठेवून अंतर राखणे हितावह. पल्ला या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत मोजावा. वर्तमानपत्रवाले काखेपासून मोजतात ते साफ चूक आहे. तुझा पल्ला १६४ सेंमी, तिचा १७६ सेंमी. हातोडा नेहमी असेच करीत असे.

एवढं केलंस की शिडी उतरलीच समज. खाली नेहमीसारखं निळं बटण शिवते आहे, तीच माझी सही. माझी माया कितीही धुतली तरी आटायची नाही, तेवढी अंगात घालून राहा.

तुझी आजी


शिबिरातून,
दि. ९ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, बटण मिळालं, वकिलाच्या खिशावर अख्खी खोली हसली. पण आजी, तू सेंटिमीटर कधीपासून बोलायला लागलीस? आजवर तू मला वितीने मोजलंस, नाहीतर 'एवढीशी होतीस' या मापाने.

तरी तुझा शब्द म्हणून मी कालच्या सरावात डावा हात दोरीवरच्या टॉवेलसारखा लांब धरून उभी राहिले. जोडीदारणीने त्याच्याखालून शिरून माझ्या नाकाची विचारपूस केली. नाक आता टोमॅटोएवढं आहे. सरांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. मी म्हटलं, आजीने. सर म्हणाले, त्यांना इकडे बोलावून घे, मी घरी जाऊन आराम करतो.

चेष्टा पुरे. आजी, मी हात उचलायच्या आत शिडीला कळतं. कोणीतरी तिच्या कानात सांगितल्यासारखं. सरांनी माझे पाय बदलले, कोपर बदललं, काही उपयोग झाला नाही. मी पेटी अर्धी भरून ठेवली आहे, म्हणजे वीस तारखेला सगळ्यांच्या देखत भरावी लागणार नाही. तू सात वेळा पाहिलंस आणि तुला सेंटिमीटर दिसले, यावर माझा विश्वास बसत नाही. काय दिसलं ते सांग. लवकर सांग.

दुकानातल्या दोन्ही पंडितांना नमस्कार. रागव, पण विसरू नकोस.

तुझी
टिचकी


दुकानातून,
दि. १३ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि तुझ्या नाकाला वेगळे.

अक्षर निराळं दिसेल. हे इस्त्रीवाला लिहितो आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मास्टर अस्तर आणायला गेले होते, म्हणून त्याने वाचलं, आणि सेंटिमीटर ऐकून माझ्या हातातली सुई बोटात गेली. मास्टर आल्यावर त्यांना स्टुलावर बसवून विचारलं. कान लाल झाले, पण कबूल केलं. मी सांगितलेलं त्यांना शास्त्र वाटलं नाही, म्हणून पोरीचं भलं व्हावं एवढ्यासाठी त्यांनी आपलं शास्त्र लिहिलं! आणि मला वाचून दाखवताना मात्र माझंच बोलणं तोंडपाठ म्हणून दाखवलं. मला अक्षर कळत नाही. कानाने ऐकलं आणि बटण शिवलं. त्यात तुझं नाक गेलं, आणि दहा दिवस गेले ते वेगळेच.

आता मी नवी पद्धत काढली आहे. इस्त्रीवाल्याने लिहायचं आणि मास्टरांनी वाचून दाखवायचं. या दोघांचं नऊ वर्षांत कशावरही पटलेलं नाही, तेव्हा माझ्या पत्राला यापेक्षा चोख पहारा मिळणार नाही. वर दोन ओळी खोडलेल्या आहेत ना, ते भिंगरीच्या पायांचं वर्णन आहे. इस्त्रीवाल्याने हळूच घुसडलं होतं, मास्टरांनी वाचताना पकडलं. किती आनंद झाला त्यांना!

आता ऐक. उजवा ठोसा मारायच्या आधी तू डावा खांदा उचलून कानाला घासतेस. डास चावल्यासारखा, पटकन. तीन वर्षांची होतीस तेव्हापासून. माझ्या बटणांच्या डब्यावर धाड घालायच्या आधी तुझा खांदा कानाला लागायचा आणि मी डबा उचलून फळीवर ठेवायची. आजीला पाठीला डोळे आहेत, असं तू शाळेत सांगत फिरायचीस.

ही खोड तुझ्या आजोबांची. पत्त्यांत लबाडी करायच्या आधी त्यांचा खांदा असाच वर जायचा. बावीस वर्षं मी त्या खांद्याकडे बघून जिंकले, आणि ते म्हणायचे माझ्या हाताला यश आहे. मग एकदा दाढी करताना त्यांना ते आरशात दिसलं. संध्याकाळी डाव मांडला, खांदा कानाला लागला, मी हुशारी करून हुकमाचं पान टाकलं, आणि त्यांच्या हातात लबाडी नव्हतीच! पुढच्या डावाला खांदा लागला तेव्हा होती. त्यानंतर कधी खरा, कधी खोटा. मला मेलं काही उमजेना. इतकी कधी हरले नाही आणि इतकी कधी हसले नाही.

त्यांनी खोड सोडली नाही, टिचके, तिला खोटं बोलायला शिकवलं. तूही सोडू नकोस. सोडायला जाशील तर सगळी लढत खांद्याशीच लढत बसशील. पहिल्या फेरीत शिडीला खरीखुरी सूचना पाठव, तिची खात्री होऊ दे. मग सूचना उजव्याची आणि पार्सल डाव्याचं. शेवटी काय पाठवायचं ते तुझं तू बघ.

मास्टरांनी हे सगळं वाचून दाखवलं आणि बरोबर आहे असं म्हणताना त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं. इस्त्रीवाला दुकान सोडून सायकलवर मोठ्या पोस्टात जातो आहे. पेटी अर्धीच राहू दे. बटण या वेळी दुहेरी दोऱ्याने शिवलं आहे, तसंच आपलं राहो.

तुझी आजी


शिबिरातून,
दि. २२ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोनवर पाहिलं असशीलच, तरी माझ्या तोंडून ऐक. तुझं पत्र अठराला मिळालं. मी ते सरांना दाखवलं नाही, आरशाला दाखवलं. आजी, खरंच जातो की गं खांदा वर!

पहिल्या फेरीत तू म्हणालीस तसं केलं. खांदा कानाला, मग उजवा. खांदा कानाला, मग उजवा. शिडीने एकेक ठोसा आरामात अडवला आणि फेरी सरळ हरले. सर कोपऱ्यात डोकं धरून बसले. मी मात्र आतून हसत होते, त्यांना वाटलं मार डोक्याला लागला.

दुसऱ्या फेरीत खांदा घासला. शिडीने डावा गाल झाकला, मी डाव्या हाताने तिचा उजवा गाल गाठला. तिने असं पाहिलं, जशी कोणी तिची खुर्चीच ओढली आहे. पुन्हा घासला, पुन्हा डावा. मग तिने उजवा गाल झाकला आणि मी रजिस्टर पोस्टाने खराच उजवा पाठवला. तिसऱ्या फेरीत तर मी घासायची आणि ती बिचारी दोन्ही गाल झाकून मागे मागे जायची. शेवटी शेवटी मला एकदा खरोखरच कानाला खाज सुटली, तरी ती दोन पावलं मागे गेली. पाच पंचांपैकी तीन माझ्या बाजूने. माझा हात वर गेला, आजी!

नंतर शिडी गालाला बर्फ लावून आली आणि तिने विचारलं की तुझ्या खांद्याला झालंय तरी काय. मी म्हटलं, घराण्यातलं दुखणं आहे. चांगली आहे गं ती. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून चहा प्यायलो.

पेटी उपसली. कपडे परत फळीवर गेले. आता खरं सांग, बघताना तुला काय काय झालं? घाबरलीस? रडलीस? दोन्ही पंडितांना माझा प्रत्येकी एक हलका ठोसा. आहेस तशीच राहा, म्हणजे मलाही राहता येईल.

तुझी
टिचकी


दुकानातून,
दि. २६ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अनेक, अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद. मोजणारे दोघे आहेत, मोजू देत.

पद्धत तीच, इस्त्रीवाला लिहितो आणि मास्टर वाचतात. तुझी लढत दुकानाने कशी पाहिली ते सांगते. फोन शिवणयंत्राला टेकवून ठेवला. इस्त्रीवाल्याने जन्मात पहिल्यांदा इस्त्रीचं बटण आठवणीने बंद केलं. वकील दुसरी पॅन्ट न्यायला आले होते, ते एक पाय आत आणि एक पाय बाहेर असे शेवटपर्यंत उभे राहिले. मास्टरांनी गळ्यातली टेप दातांत धरली होती. तिच्यावरचे दहा आणि अकराचे आकडे आता वाचता येत नाहीत. कोणाचा कोट आखूड झाला तर तुझ्यामुळे.

निकाल लागला तसे ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि पडल्या पडल्याच भांडायला लागले. मास्टर म्हणतात, दुसऱ्या फेरीतला डावा अस्सल हातोड्याचा होता. इस्त्रीवाला म्हणतो, आणि तो डावा तिथवर नेला कोणी? पायांनी! वकील म्हणाले, दोन्ही बाजू ऐकून तारीख द्यावी लागेल. टिचकी आणि भिंगरी समोरासमोर आले तर काय, हा नवा वाद कालपासून सुरू आहे. तुझा खांदा मध्ये घेतला तर वजनाचा फरक चालून जाईल, इथवर गोष्ट आली आहे. पुढच्या नऊ वर्षांची निश्चिंती झाली.

तू विचारलंस माझं काय झालं. मला काय होतंय? मी अगदी शांत होते. एक काज पुरं केलं, सरळ केलं. मी घाबरले नाही. आणि तुझा हात वर गेला तेव्हा मी रडले वगैरे मुळीच नाही. इस्त्रीची वाफ तेवढी डोळ्यांत गेली. लिही रे, असंच लिही.

बटण आधीच शिवून ठेवलं आहे, या वेळी लाल, जिंकणाऱ्यांचं. माया आहे तितकीच आहे. मापाला नेहमी थोडी सैल धरली आहे, तू वाढत राहा.

तुझी आजी

लिहिणाऱ्याची टीप : इस्त्री बंद होती.

वाचून दाखवणाऱ्याची टीप : आणि हे सांगताना आजींचा डावा खांदा कानाला लागला होता. एकदा नाही, तीनदा. या दोन टिपा त्यांना वाचून दाखवलेल्या नाहीत. यावर आम्हा दोघांचं एकमत आहे.