दक्षिणेला पाय

६ जानेवारी, मंगळवार
मारुतीच्या सभामंडपात सकाळचा वर्ग. थंडी लय. बायका परत चहा पिऊन आलेल्या. पोट रिकामं ठेवा म्हणून घसा कोरडा केला, ऐकतंय कोण. आधी भुजंगासन घेतलं. भांगलणीच्या, खुरपणीच्या बायकांना सकाळी उठून पुढं वाकवायचं नाही, दिवसभर वाकूनच असतात. हे मला माझ्याच पाठीनं शिकवलं.

शेवटी शवासन. सगळ्या आडव्या, डोळे मिटलेले, मंडप गप. तेवढ्यात दारात हौसाकाकू, नातू कडेवर. त्यांची सून सारिका पहिल्याच ओळीत पडलेली. काकूंनी तिचा दंड धरून ओढलं. "उठ. आदी उठ." पाठ धरलेल्या बाईला असं ओढतात का. बाकीच्या धडाधड उठून बसल्या.

जाताना काकू मला एवढंच म्हणाल्या, पाय कुठं केल्यात बघ.

बघितलं. आमचा मारुती दक्षिणमुखी. देवाकडं पाय नकोत म्हणून सगळ्यांचे पाय दाराकडं. दार दक्षिणेला. आणि दक्षिणेला पाय मढ्याचे करतात. एवढे दिवस शिकवते, डोक्यात आलं नाही. देवाकडं पाय होऊ नयेत एवढंच बघत बसले.

७ जानेवारी, बुधवार
सारिका आली नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिची पाठ गेली. दिवाळीत वर्गाला आली तेव्हा पोराला खाली वाकून उचलता येत नव्हतं. आता उचलते. अर्ध्यात सोडलं तर परत तिथंच.

घरी गेले. काकू तीळ निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, तरी बसले. म्हटलं, पाय दुसरीकडं करीन, मग झालं? तर म्हणाल्या, नावच मढ्याचं हाय त्याचं, पाय कुठं बी कर. त्यांचा विकास फौजेत. जवानाच्या बायकोनं मढ्यागत पडायचं, तेही देवाच्या पुढ्यात. मी म्हटलं, माझा नवरा दारूनं गेला, तो जन्मात कधी शवासनाला आडवा झाला नव्हता.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "तुझं जायाचं ते गेलं, शालन. माझं अजून बॉर्डरवर हाय."

उठून आले. सारिका चुलीपाशी, वर बघितलं नाही तिनं.

९ जानेवारी, शुक्रवार
दोन दिवस शवासन वगळून बघितलं. उगाच. शेवटचं आसन झालं की बायका चपला शोधायला लागतात, कुणाच्या म्हशी, कुणाचे डबे. मंगल पायरीवर चक्कर येऊन बसली. पडायचं वगळलं तर वर्ग म्हणजे नुसती ओढाताण. स्वतःसाठी लिहून ठेवते: घाई असेल तर दोन आसनं कमी कर, शेवटचं पडणं कमी करू नको.

देवळाच्या कमिटीचे नाना भेटले. काकूंनी त्यांच्या कानावर घातलंय. म्हणाले, बाई, गावात चर्चा नको, संक्रांत झाली की शनिवारी मंडपाची किल्ली देऊन टाका. मी विचारलं, देऊन टाकायची म्हणजे वर्ग बंद का? तर म्हणाले, तसं न्हवं, पण द्या. असला माणूस. धड हो नाही, धड नाही नाही.

वर्गाला दुसरी जागा नाही. शाळेचं मैदान म्हणजे रस्ता. बायका पदर सोडून रस्त्यावर आडव्या होणार नाहीत. मीही होणार नाही.

११ जानेवारी, रविवार
सांगलीला जाऊन आले. कराडला एसटीत जागा मिळाली, नशीब. माझे गुरू, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आता खुर्चीत बसूनच योग शिकवतात, पाय साथ देत नाहीत. आवाज तोच. नवरा गेल्यावर भावाकडं सांगलीला होते तेव्हा त्यांच्या वर्गात झाडलोट करायचे. एक दिवस म्हणाले, झाडू ठेव, सतरंजी घे. तिथून माझं सगळं.

सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, फौजेत पोरं शवासनात घोरायची, तुझ्याकडं मढी उठून पळाली. मला हसायला येईना. म्हटलं, अडाणी बाई आहे ती, तिच्या भीतीपायी सुनेची पाठ मोडणार. तर एकदम करडे झाले.

"भ्यालेलं अंग सैल पडतंय का?"

"न्हाई."

"मग तू त्या सुनेला शवासन शिकवलंस कुठं? नुसती निजवलीस."

राग आला. विचारलं, म्हणजे माझं चुकलं? म्हणाले, चुकलं असंल तर उद्या दुसरं कर, इथं तोंड पाडून बसू नको, दुसरा वर्ग यायची वेळ झाली.

येताना इस्लामपूरपर्यंत धुसफुसत होते. पुढं विचार केला. आडवं झोपवायचं. पूर्वेला डोकं, पश्चिमेला पाय.

१२ जानेवारी, सोमवार
जमलं नाही. मंडप लांबीला मोठा, रुंदीला चिंचोळा. आडव्या ओळी केल्या तर एकीचे पाय दुसरीच्या डोक्याशी येतात. वर्गात एका घरच्या दोघी जावा, थोरलीच्या डोक्याशी धाकटीचे पाय आले. थोरली उठून बसली, माझ्या मस्तकावर ठेव की पाय, म्हणाली. धाकटी म्हणाली, घरी तूच ठेवतीस की माझ्या मस्तकावर. बाकीच्या हसून हसून लोळल्या, शवासन राहिलं बाजूला.

मलाही हसू आलं. मग ओरडले सगळ्यांवर.

१५ जानेवारी, गुरुवार
काल संक्रांत झाली. मला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, ते बरंच, वेळ वाचतो.

दुपारी गिरणीत सारिका दिसली. डबा जमिनीवरून उचलेना, पायानं ढकलत होती. मी उचलून दिला. म्हणाली, आज उठता येत नव्हतं, आत्यांनीच धरून बसवलं. सासूला आत्या म्हणते ती. रडली नाही. डोळे मात्र लाल.

तिच्याबरोबर घरापर्यंत गेले. काकू दारात. या वेळी आधी त्याच बोलल्या. म्हणाल्या, ते पडायचं तेवढं सोड, बाकीचं करू दे तिला. मी म्हटलं, नाही. अर्धं शिकवणार नाही. या पाठीला ताणणं एकवेळ नसलं तरी चालेल, सैल सोडणं पाहिजे. दिवसभर फोन वाजला की दचकते ती, पाठ सैल पडणार कवा?

काकू म्हणाल्या, फोनला मी बी दचकते.

म्हटलं, मग तुमी बी या. आणि निघाले. फार कडक बोलले का? बोलले. मऊ बोलायला जमत नाही मला.

१७ जानेवारी, शनिवार
आज किल्ली द्यायचा दिवस. दिव्याला तेल घातलं, मंडप झाडला, नेहमीसारख्या उभ्या ओळी केल्या. जायचंच असेल तर नीट शिकवून जाईन म्हटलं.

आसनं निम्मी झाली तेव्हा काकू आल्या. मागं सारिका. काकूंच्या हातात घरचं घोंगडं. सारिकाला मी हळूहळू करायला लावलं, पाठीखाली उशी, गुडघे वर. जमेल तेवढंच.

शेवटी सगळ्यांना पडायला सांगितलं. काकूंनी सुनेला देवाकडं डोकं करून निजवलं, अंगावर घोंगडं घातलं. मग स्वतः तिच्या पायाशी मांडी घालून बसल्या, तिचे तळवे आपल्या मांडीला टेकवून. दाराकडं पाठ. मला म्हणाल्या, "आता तिचं पाय माझ्याकडं हायत. दक्षिण माझ्या पाठीला."

घ्या श्वास म्हटलं.

सारिकानं डोळे मिटले नाहीत. सासूनं बजावलं होतं, मिटायचं नाहीत. छताकडं बघत पडली. मी टोकलं नाही. बाकीच्यांना नेहमीचं सांगत राहिले, टाच सोडा, पोटरी सोडा, जबडा सोडा. जबड्याला आले तर काकूंचंच तोंड सैल पडलेलं. बसल्या बसल्या डोळा लागला त्यांचा. पदर खांद्यावरून ओघळलेला, हात सुनेच्या पावलांवर.

मग सारिकानं मिटले.

तेवढ्यात नाना आले किल्लीला. मी तोंडावर बोट ठेवलं. आत बघून चप्पल काढली त्यांनी आणि पायरीवर बसले. कुणाला उठवायची घाई केली नाही मी. ऊन पार खांबापर्यंत आलं.

नंतर काकूंना विचारलं, सोमवारी? म्हणाल्या, विकासचा फोन येऊ दे, मग बघू. नानांना विचारलं, किल्ली? तेही काकूंकडं बघायला लागले.

किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. सोमवारी दार उघडणार.